मेण जास्त झालं का?

लिपस्टिकच्या कारखान्यात कामाला जाते म्हणजे लिपस्टिक हीच बनवते, असं सासरच्यांनी गृहीत धरलं आणि तिने ते धरू दिलं. एवढीच काय ती सुरुवात. खोटं असं ती काही बोललीच नव्हती. लग्न होऊन घरात आली तेव्हा नणंदेने विचारलं होतं, "वहिनी, तू तिथे नेमकं करतेस तरी काय?" आणि ती म्हणाली होती, "लिपस्टिक." त्यावर नणंदेचे डोळे असे काही मोठे झाले, की पुढचं वाक्य घशातच राहिलं.

पुढचं वाक्य साधंच होतं. मी ज्योतीच्या टेबलावर बसते. साच्यातून काढलेली कांडी नळीत बसवली, की तिच्या अंगावर साच्याचे बारीक ओरखडे दिसतात. ती नळी बोटांत धरून एका छोट्या निळ्या ज्योतीवरून झर्रकन फिरवायची. वरचा पापुद्रा क्षणभर वितळतो, ओरखडे मिटतात आणि कांडी आरशासारखी चमकायला लागते. एखादीच्या अंगावर तेलाचे थेंब फुटलेले असतात. तिला घाम आलाय, असं कारखान्यात म्हणतात. ती बाजूला काढायची. दिवसभर हेच. मेण किती, तेल किती, कुठल्या रंगाची पूड किती, हे सगळं काचेपलीकडच्या खोलीत ठरतं, आणि ते ठरवतो केमिस्ट.

तसं पाहिलं तर ज्योतीचं काम काही ऐऱ्यागैऱ्याचं नाही. हात जरा रेंगाळला की कांडीचं टोक मान टाकतं. पण घरी सगळे आ वासून ऐकत बसलेले असताना "मी कांड्या शेकते" हे कोण सांगणार? तिच्याने तरी सांगवलं नाही.

केमिस्ट जेवणाच्या सुट्टीत बोलायचा. हळू बोलणारा माणूस, पण विचारलं की मनापासून सांगायचा. मेणामुळे कांडी उभी राहते, एरंडेलामुळे ओठावर सरकते, मेंढीच्या लोकरीतून काढलेली चरबी घातली की ओठ मऊ राहतात. रंगाची पूड तेलात कालवून रुळांच्या यंत्रातून पुन्हा पुन्हा काढायची, नाहीतर ओठांना वाळू लावल्यासारखं वाटतं. हिचे कान तिखट. दुपारी ऐकलेलं रात्रीच्या जेवणाला घरी हजर. सुरुवातीला ती म्हणायची, "आम्ही असं करतो." त्या आम्हीचं मी कधी झालं, ते तिचं तिलाही कळलं नाही. घरात तिचं नावच पडलं रंगारीण.

मग एक खेळ सुरू झाला. घरी चार बायका जमल्या, की कोणीतरी पर्समधून आपली लिपस्टिक काढायची आणि रंगारणीपुढे धरायची. रंगारीण हाताच्या पाठीवर एक रेघ ओढणार, ती बोटाने पसरवणार, वास घेणार, डोळे मिटणार आणि मग निकाल सांगणार. "मेण चांगलं आहे, तेल मात्र स्वस्तातलं. उन्हात ठेवू नकोस, घाम येईल." आणि खरंच यायचा! रोज शेकडो कांड्या हाताखालून गेल्यावर एवढं कोणालाही कळलं असतं, पण ते सांगायचं कशाला? चारचौघींनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि ही चढली. वरून दिसणारा देखावा तिला फार आवडला.

या सगळ्यांत मन लावून ऐकायच्या त्या सासूबाई. बाकीच्यांना निकालाची गंमत, यांना मात्र त्यामागचं कारण हवं असायचं. भाजी निवडता निवडता विचारायच्या, "अगं, मेण घातल्याने उभी राहते, मग ओठावर कशी पसरते?" रंगारीण म्हणायची, "तेल असतं ना आई. दोघांचं जमवून घ्यावं लागतं." सासूबाई मान डोलवायच्या. त्यांनी स्वतः जन्मात ओठाला रंग लावला नव्हता. पण घरातल्या पोरीबाळींनी टाकलेल्या लिपस्टिकच्या बुडख्या त्या कचऱ्यातून उचलून एका डबीत ठेवायच्या. "अजून केवढा रंग आहे गं आत!" असं म्हणायच्या. त्यांना काहीच टाकवत नसे, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

दोनतीनदा त्या म्हणाल्याही होत्या, "मला एकदा तुझा कारखाना दाखव." दर वेळी रंगारणीने काहीतरी काढलं. सध्या मशीन बंद आहे, बाहेरच्यांना सोडत नाहीत, तिथल्या वासाने तुमचं डोकं धरेल. आपली सून काचेपलीकडे बसत नाही, हे त्यांना दिसलं असतं.

नणंदेचा वाढदिवस होता. ती नवऱ्यासोबत माहेरी आली होती. दीर, जाऊ, शेजारच्या दोघी, सगळे बाहेरच्या खोलीत दाटीवाटीने बसले होते. सासूबाईंच्या उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं, गरम पळी लागली." नणंद एकेक भेट उघडत होती. त्यात एक लहानशी पुडी निघाली, कापडात नीट गुंडाळलेली. आत सोनेरी नळीतली लिपस्टिक. नळी बाजारात कुठेही मिळते तशी, वर काही छापलेलं नाही.

"ही कोणाची?" नणंदेने विचारलं.

मग सासूबाईच म्हणाल्या, "कोणाची ते नंतर बघू. आधी रंगारणीला दाखव. ती सांगेल कशी आहे ते."

त्यांचा आवाज जरा चढलेला होता. रंगारणीला वाटलं, घरात माणसं जमली म्हणून खुशीत आहेत.

तिने झाकण काढलं, खालचा भाग फिरवला, आणि तिला हसूच आलं. आता हे हसू तिने दाबलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण समोर सगळे बसलेले, सगळ्यांचे डोळे तिच्या हातावर. तिने हाताच्या पाठीवर रेघ ओढली. रेघ ओढली म्हणण्यापेक्षा ओरखडा काढला, कारण रंग उतरेचना.

"अगंबाई!" ती म्हणाली. "ही लिपस्टिक आहे की खडू?"

हशा पिकला. मग काय, तिला चेवच आला.

"हे बघा, मेण. मेण म्हणजे कुठलं, तर दिवे गेल्यावर लावतो त्या मेणबत्तीचं! आणि तेल एरंडेलच आहे, पण पोट साफ करायला घेतात ते. हे लावून जेवायला बसू नकोस गं बाई, पंचाईत होईल." नणंदेने पोट धरलं. "कांडीच्या अंगावर या चुण्या बघा. साचा नाहीच, चॉकलेटच्या चंदेरी कागदात ओतलेली आहे. आणि वास घ्या, घ्या की! गुलाब वेगळा, व्हॅनिला वेगळा, आणि मधूनच काहीतरी औषधासारखं. जुन्या बुडख्या खरवडून, वितळवून केलेला माल आहे हा. कोणाकोणाच्या ओठांचं उष्टं असेल देव जाणे!"

"शी!" जाऊ किंचाळली. दीर खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. शेजारणीने डोळे पुसले.

"कोणत्या दुकानदाराने गळ्यात मारली ही?" रंगारीण म्हणाली. "त्याला आमच्या कारखान्यात पाठवून द्या, आठ दिवस उन्हात उभा करते."

सासूबाईसुद्धा हसत होत्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, अगदी सगळ्यांसारख्या. हसू ओसरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मेण जास्त झालं का गं?"

"जास्त? आई, यात मेणच आहे, बाकी नुसती हजेरी लावून गेलंय."

पुन्हा हशा. नणंदेने ती लिपस्टिक टेबलाच्या कोपऱ्यात सरकवली आणि पुढची भेट उघडली. ती कोणी आणली होती, हे नंतर कोणी विचारलं नाही.

पाहुणे गेल्यावर रंगारीण स्वयंपाकघर आवरत होती. डब्यामागे हात घातला तर एक छोटी पळी हाताला लागली. पळीच्या आत गुलाबी कड बसलेली होती. नखाने खरवडलं तर निघाली, आणि नखात मेण राहिलं. शेजारी सासूबाईंची ती बुडख्यांची डबी, आणि आतल्या सगळ्या बुडख्या तळापर्यंत कोरून स्वच्छ केलेल्या. डबीत एक केसांचा आकडा होता, टोकाला लाल.

ती पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. अंगठ्याची चिंधी आठवली. आधी रंगारणीला दाखव, हे आठवलं. तो चढलेला आवाज खुशीचा नव्हता, तो परीक्षेला बसलेल्या माणसाचा होता. सासूबाई तिच्या निकालाची वाट बघत होत्या. ती "बरी आहे" एवढं जरी म्हणाली असती, तरी त्या सगळ्यांसमोर सांगणार होत्या, की ही मी केली, सुनेचं ऐकून ऐकून केली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तिने सांगितलेलं सगळं बरोबर होतं, एकही शब्द चुकला नव्हता. त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

ती सासूबाईंच्या खोलीत गेली. त्या अंथरुणावर बसून अंगठ्याची चिंधी बदलत होत्या. ती लिपस्टिक त्यांच्या उशाशी होती. टेबलावरून त्यांनी कधी उचलली कोणास ठाऊक.

"आई, मला माहीत नव्हतं हो."

"माहीत असतं तर खरं बोलली असतीस का?" सासूबाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

रंगारणीने त्यांच्या हातातली चिंधी घेतली आणि ती अंगठ्याला बांधू लागली.

"कोणाला सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "मी पण हसले ना तुमच्यात. झालं, संपलं. फक्त मला एकदा तुझा कारखाना दाखव. मेण किती घालतात ते बघायचंय मला."

या वेळी नाही म्हणायला तोंडच नव्हतं. ती "हो" म्हणाली.

शनिवारी अर्धा दिवस काम असतं, तेव्हा घरचं माणूस आणलेलं चालतं. सासूबाई ठेवणीतली साडी नेसल्या, पर्स काखेत घट्ट धरली. रंगारणीने मनाशी सगळं ठरवून ठेवलं होतं. दारातून थेट काचेच्या खोलीकडे न्यायचं, दहा मिनिटं उभं करायचं, आणि मागच्या दाराने बाहेर. ज्योतीच्या टेबलाकडे फिरकायचंच नाही.

पण आत पाऊल ठेवतात न ठेवतात तोच सुपरवायझर बाई ओरडली, "आलीस का? अगं, बस लवकर! तुझ्या खुर्चीवर कोणी नाही, माल तुंबलाय. सासूबाईंना केमिस्टसाहेब दाखवतील सगळं."

तिने सासूबाईंकडे बघितलं नाही. अॅप्रन चढवला, केसांवर टोपी घातली आणि आपल्या खुर्चीवर बसली. निळी ज्योत पेटलेलीच होती. एक नळी उचलली, फिरवली, ठेवली. दुसरी उचलली. पाठीमागे सासूबाई उभ्या आहेत, हे तिच्या मानेला कळत होतं. सवयीचा हात, पण त्या दिवशी एका कांडीचं टोक वाकलं.

केमिस्ट सासूबाईंना आत घेऊन गेला. काचेतून सगळं दिसत होतं. त्याने त्यांना मेणाची किसणी दाखवली, तेलाचे डबे दाखवले, रुळांतून बाहेर पडणारा दाट लाल लगदा दाखवला. मग सासूबाईंनी पर्स उघडली आणि ती सोनेरी नळी काढून त्याच्या हातात दिली. रंगारणीने मान खाली घातली. दार उघडंच होतं, त्यामुळे ऐकू मात्र आलं.

"कोणी केली ही?" केमिस्टने विचारलं.

"मी. घरी. पळीत."

त्याने कांडी उजेडात धरली, नखाने हलकेच दाबली. "उभी राहिली की," तो म्हणाला. "माझी पहिली आडवी झाली होती. मेण निम्मं करा, आणि मेणबत्तीचं नको, मधमाशीचं घ्या. बुडख्या मात्र वापरू नका, जुन्या झालेल्या असतात. कोणी शिकवलं तुम्हाला?"

"आमच्या सुनेने," सासूबाई म्हणाल्या. "सगळं तिनेच."

केमिस्टने काचेतून ज्योतीच्या टेबलाकडे पाहिलं. दुपारच्या सुट्टीत आपण काय काय बोललो, ते त्याला आठवलं असावं. तो नुसता हसला, आणि तिला वाटलं धरणीने पोटात घ्यावं.

निघण्यापूर्वी सासूबाई तिच्या खुर्चीमागे येऊन थांबल्या. "ही ज्योत कशाला गं?"

"वरचे ओरखडे जायला."

"आतलं काही बदलत नाही?"

"नाही."

"बरं," सासूबाई म्हणाल्या. घरी जाताना वाटेत त्या कारखान्याबद्दल खूप बोलल्या. खुर्चीबद्दल चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी नणंद आली होती. दीर, जाऊ सगळे जेवायला बसलेले. नणंदेने विचारलं, "काय आई, बघितला का वहिनीचा कारखाना?"

"बघितला तर! अगं, काय मान आहे हिला तिथे," सासूबाई म्हणाल्या. "पाऊल टाकलं नाही तर हिच्या नावाने हाका. हिच्यावाचून सगळं अडून राहिलं होतं."

त्यात खोटं काहीच नव्हतं. रंगारणीच्या हातातला घास हातातच राहिला. जाऊ कौतुकाने तिच्याकडे बघत होती. नणंदेने पर्समधून नवी लिपस्टिक काढली आणि तिच्यापुढे धरली. "हिच्यात काय आहे सांग बघू."

एवढं सोसून गप्प बसणं तिला जमायला हवं होतं. पण लाज फार झाली की माणसाला ती अंगावरून उतरवायची घाई होते, आणि ती कोणाच्या अंगावर पडते ते बघायचं भान राहत नाही.

"मला नाही कळत," ती म्हणाली. "मी काही बनवत नाही. मी ज्योतीवर कांड्या शेकते. बाकी सगळं केमिस्टचं ऐकून तुम्हाला सांगत होते." तिला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणात ती पुढे बोलून गेली, "आणि ताई, तुझ्या वाढदिवसाची ती लिपस्टिक आईंनी केली होती. तुझ्यासाठी. हाताने."

सासूबाईंनी ताटावरची मान वर केली नाही.

आता सगळ्यांना आपापलं हसू आठवलं. जावेला तिची किंकाळी, दिराला खुर्ची. नणंद उठली, आईच्या गळ्यात पडली, "सांगायचं नाही का गं!" म्हणाली. मग ती लिपस्टिक आणवली, आणि सगळ्यांसमोर ओठांवर घासली. रंग उतरेना, तरी घासत राहिली. ओठ लाल झाले ते घासण्याने.

"किती छान आहे," नणंद म्हणाली.

"खरंच छान," जाऊ म्हणाली. "दुकानातल्यापेक्षा बरी."

"आई, धंदा काढा," दीर म्हणाला.

सासूबाई या वेळी हसल्या नाहीत. ताट उचलून आत गेल्या.

रंगारीण मागोमाग गेली. त्या बेसिनपाशी उभ्या होत्या. नळ सुरू होता, हातात काही नव्हतं.

"आई, चुकलं माझं."

"तुझं तू सांगितलंस ते बरं केलंस," सासूबाई म्हणाल्या. "माझं कशाला सांगितलंस? मी हसले होते ना तुमच्यात. तेवढं तरी राहू द्यायचं." त्यांनी नळ बंद केला. "त्या दिवशी सगळे मनापासून तरी हसले होते. आज बघितलंस, काय काय बोलले ते?"

बाहेरून अजूनही "छान, छान" ऐकू येत होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी ती गुलाबी कडेची पळी खाली काढली. "तो म्हणाला, मेण निम्मं करा. मधमाशीचं. पण मेण निम्मं केलं तर कांडी उभी कशी राहील गं?"

रंगारणीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तेच नेहमीचं, दोघांचं जमवून घ्यावं लागतं म्हणणारं. ऐकायला झकास, आणि ज्याचा अर्थ तिला कधीच कळला नव्हता.

"मला नाही माहीत, आई," ती म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. कितीतरी वर्षांत त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला तिने असं उत्तर दिलं नव्हतं.

"मग उद्या विचारून ये," त्या म्हणाल्या आणि पळी घासायला घेतली.